जोतिबाला अनवाणी

राजारामपुरीतल्या शुगरच्या दवाखान्यात पेशंटांना खाणं-चालणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. “काय खाल्लं?” “भाकरी.” “आणि?” असं हळूच विचारत त्या तांबड्या रश्श्यापर्यंत पोचायच्या, ओरडायच्या मात्र कधीच नाहीत.

त्यांनी मलाही रोज चालायला सांगितलं. माझं डोकं त्याहून पुढं. शुगर उतरावी म्हणून नवस बोललो आणि भर उन्हात अनवाणी जोतिबाला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी प्रसादाचा पेढा घेऊन ऐटीत दवाखान्यात हजर.

बाई फरशीवर बसल्या आणि माझा पाय मांडीवर घेतला.

“बाई, लोक बघत्यात की.”

तळव्याला फोड आले होते, अंगठा काळा पडला होता. त्यांनी तो दाबला. “दुखतंय?”

“अजिबात न्हाय,” मी छाती काढून म्हणालो.

“दुखाय पायजे हुतं, काका. शुगरनं पाय बधिर झालाय. आता अंगठा ऱ्हातोय का बघू.”

डॉक्टर येईपर्यंत त्यांनी पाय खाली ठेवला नाही.