नम्रपणात दुसरा नंबर

आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यात नम्र माणूस कोण, यावरून माझं आणि माझ्या साडूचं वैर आहे. (वैर एकतर्फी आहे. त्याला अजून पत्ता नाही.)

साडूचं नाव आनंदराव. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. म्हणजे नात्यानं मी थोरला जावई आणि तो धाकटा. पण हे फक्त नात्यानं, बाकी सगळीकडे तोच पुढं. कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरीला आहे, रोज सोलापूरहून जाऊन-येऊन करतो, आणि तरी रविवारी चर्चचं फाटक उघडायला हाच. सतरंज्या झटकणार हा, नाताळच्या प्रीतिभोजनानंतर पातेली घासणार हा, चर्चमागचा संडास तुंबला की बांबू घेऊन जाणारही हाच. बरं, करतो ते करतो, वर कुणी कौतुक केलं की मान खाली घालून म्हणतो, "मी कुठं काय केलं?" माणसानं नम्र असावं, मी नाही म्हणत नाही. पण दुसऱ्यांसाठी थोडं शिल्लक ठेवावं की!

मला त्याचा हेवा वाटतो, असं माझी बायको एस्तेर म्हणते. हेवा हा फार मवाळ शब्द झाला. मी जळतो. त्याच्याबद्दल कुणी चांगलं बोललं की माझं पित्त खवळतं, आणि त्याच्याबद्दल वाईट कुणी बोलतच नसल्यामुळे मला बाराही महिने पित्त असतं.

त्यात सासूबाई. त्या मूळच्या वैरागच्या, सासरे गेल्यापासून आमच्याकडे राहतात. राहतात आमच्याकडे, जेवतात आमच्याकडे आणि गुण गातात धाकट्या जावयाचे. परवा त्यांच्या चष्म्याची काडी तुटली. मी भर उन्हात जाऊन दुरुस्त करून आणला.

"आई, हा घ्या चष्मा."

"आणलात व्हय? बरं केलंत." त्यांनी चष्मा उजेडात धरला. "आनंदराव असते तर पुसून दिला असता."

तर यंदा आमच्या मंडळीत वडिलांची एक जागा रिकामी झाली. वडील म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक. (घरातला वडील मी आहेच, पण त्याला कुणी मोजत नाही.) मला ही जागा हवी होती. उगाच कशाला लपवू? पहिल्या बाकावर बसायला मिळतं, दानाची थाळी फिरवायला मिळते, लग्नात पाळकसाहेबांच्या शेजारी फोटो निघतो. मी नाव दिलं. आनंदरावनं दिलं नव्हतं, लोकांनी त्याचं परस्पर घातलं. मला माझं स्वतः घालावं लागलं होतं.

आमचे पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "ज्याला पुढारी व्हायचंय, त्यानं आधी सेवक व्हायला शिकावं." इथवर ठीक होतं, हे ते दरवर्षी म्हणतात. पण पुढं म्हणाले, "पवित्र गुरुवारी पाय धुण्याची सेवा असते. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून दरवर्षी मी मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतो. यंदा मनोहरराव आणि आनंदराव, हे दोघं सहा-सहा जणांचे पाय धुतील. मग ईस्टरच्या रविवारी मंडळी काय ते ठरवेल."

मनोहरराव म्हणजे मी. घरी येताना मी गाडीवरच हिशेब सुरू केला.

"अहो, ही शर्यत नाही, सेवा आहे," एस्तेर मागून म्हणाली.

"मग सेवेत पहिला येतो."

माझा पहिला डाव म्हणजे सासूबाई माझ्या सहांत हव्या होत्या. त्यांच्या तोंडून एकदा माझं कौतुक निघालं की अख्खं महिला मंडळ माझ्या बाजूला. आनंदराव सोडणार नाही, म्हणून मी भांडणाची तयारी करून त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "दादा, आईंचे पाय तुम्हीच धुवा. थोरल्या जावयाचा मान आहे तो." झालं. मुद्दे सगळे माझ्या खिशातच राहिले. देऊन टाकण्यातही हा माणूस पुढं.

दुसरा डाव टॉवेलचा. पाय धुणाऱ्यानं कमरेला टॉवेल बांधायचा आणि त्यानंच पाय पुसायचे अशी पद्धत आहे. आता मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. टॉवेलमधलं मला कुणी शिकवू नये. गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं मी एकच सांगत आलोय, की नवा टॉवेल धुतल्याशिवाय अंगाला लावू नका, तोवर तो पाणी पीत नाही, आणि गडद असेल तर रंग सोडतो. हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण आनंदरावच्या कमरेला त्याचा विटका पांढरा टॉवेल असणार हे मला ठाऊक होतं. विटका टॉवेल म्हणजे नम्रपणाची हद्दच. त्याच्यापुढं माझा टॉवेल शेवटच्या बाकावरून दिसायला हवा होता. मी कारखान्यातून रीतसर पैसे भरून एक लालभडक, किनारवाला, कोराकरकरीत टॉवेल आणला.

"धुऊन देऊ का?" एस्तेरनं विचारलं.

"नको, चमक जाईल."

गुरुवार उजाडला. एप्रिलमधलं सोलापूर तुम्हाला माहीत असेल तर काही सांगायला नको, आणि नसेल तर देवाचे आभार माना. संध्याकाळी पाचलासुद्धा रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मी पोचलो तर आनंदराव कधीच हजर. त्यानं सकाळीच दोन बादल्या भरून, ओलं पोतं टाकून सावलीला ठेवल्या होत्या.

"दादा, ही तुमची बादली. गार आहे."

माझी बादली! म्हणजे मंडळी बघणार की मनोहररावांनी पाय धुतले, पण पाणी आनंदरावांचं. मी म्हणालो, "राहू दे. माझं पाणी मी आणीन."

"दादा, मागच्या नळाला..."

"सेवा करायची तर स्वतः करावी," असं म्हणून मी तिसरी बादली उचलली आणि चर्चमागच्या नळावर गेलो. आता, आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून सगळा कारभार गच्चीवरच्या टाकीवर. टाकी काळी, प्लास्टिकची, आणि सकाळपासून उन्हात. हे सोलापुरातलं शेंबडं पोरगंसुद्धा जाणतं. पण माझं सगळं लक्ष खिडकीतून आनंदराव काय करतोय तिकडं होतं. बादली भरली, कडीला धरून आत आणली, दांडीचा मग सोडला. पाण्याला बोट म्हणून लावलं नाही.

बाराजण समोरासमोर खुर्च्यांवर बसले होते. सगळ्यांचे पाय घरूनच घासूनपुसून आलेले. एका मावशींनी तर नखांना रंग लावला होता. ऑर्गन मंद वाजत होता. पलीकडे आनंदराव विटका टॉवेल बांधून खाली बसला. मी त्याच्यापेक्षा जास्त खाली बसलो. गुडघे कडकडले, पण बसलो. सासूबाईंचे पाय परातीत घेतले, वर मंडळीकडं एकदा पाहिलं आणि भरलेला मग त्यांच्या पायांवर ओतला.

सासूबाईंनी श्वास आत घेतला तो घेतलाच. डोळे विस्फारले. तोंड उघडं, पण आवाज फुटेना. आणि मग डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मला भरून आलं. म्हटलं, इतक्या वर्षांनी का होईना, थोरला जावई यांच्या काळजापर्यंत पोचला. आनंदरावच्या रांगेत एकाच्याही डोळ्यांत टिपूस नव्हता, हे मी तेवढ्यात बघून घेतलं.

"रडा आई, मन मोकळं करा," मी हळूच म्हणालो आणि दुसरा मग ओतला.

"अवं पोळलं की वो!"

त्यांनी जी लाथ मारली, ती सत्तरीच्या बाईची नव्हती. माझ्या हातातला मग उडाला तो थेट पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्यावर. पाळकसाहेब मागं सरले, मागं ऑर्गन होता, त्यावर ते टेकले आणि ऑर्गननं एक लांबलचक सूर लावला. मी घाईघाईनं कमरेचा टॉवेल सोडला आणि पाय पुसायला लागलो.

टॉवेल कोरा. पाण्याचा एक थेंब पिईना, नुसता पाणी पसरवायला लागला. पाणी गरम, रंग कच्चा. बघता बघता सासूबाईंचे पाय घोट्यापर्यंत लाल झाले.

"सालटं निघालं की हो बाईचं!" शेजारच्या खुर्चीवरच्या मावशी ओरडल्या.

मी पाहिलं. लाल. मी घाबरून जोरात पुसलं. आणखी लाल. टॉवेलच्या धंद्यात केस पिकलेला माणूस मी, पण त्या क्षणी मलासुद्धा ते रक्तच वाटलं. माझ्या हातांना लाल, शर्टाला लाल. पवित्र गुरुवारी, भर चर्चमध्ये, मी सासूबाईंच्या पायांचं कातडं सोलत होतो.

तेवढ्यात आनंदराव धावत आला. त्यानं आपल्या बादलीतलं गार पाणी त्यांच्या पायांवर सोडलं, त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि रस्त्यापलीकडच्या दवाखान्याकडं निघाला. त्याच्या मागं एस्तेर, तिच्या मागं माझी मेव्हणी, त्यांच्या मागं महिला मंडळ, आणि सगळ्यांत मागं ओला झगा सावरत पाळकसाहेब. आणि मला काय वाटलं सांगू? लाज नंतर वाटली. आधी वाटलं, उचलायचंसुद्धा यालाच सुचावं!

चर्चमध्ये उरलो मी आणि माझ्या रांगेतले पाचजण. पाचही जणांनी पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली होती. पण मी सेवा अर्धी सोडणारा माणूस नाही. मी बादली सरकवत पुढच्या खुर्चीपाशी गेलो. तिथं बापूसाहेब होते, निवृत्त हेडमास्तर.

"बापूसाहेब, पाय द्या."

"नको, नको. स्वच्छ आहेत."

"द्या हो, एक तरी द्या."

"मनोहरराव," बापूसाहेब पाय आणखी पोटाशी घेत म्हणाले, "मी तुम्हाला मत देतो, पण पाय देणार नाही."

दवाखान्यात डॉक्टरांनी ओला कापूस फिरवला. कापूस लाल झाला, पाय मात्र होता तसा निघाला. "यांना काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "चटका बसला असेल जरासा. पण असा रंग सोडणारा टॉवेल कुठल्या कारखान्याचा?" एस्तेरनं तिथं कारखान्याचं नाव सांगितलं नाही. तेवढी तिनं माझी अब्रू राखली. घरी आल्यावर मात्र राखली नाही.

"नवा टॉवेल? तुम्ही? तुम्ही!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

सासूबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "आनंदरावनी मला लेकरागत उचललं बगा. लई जीव लावत्यात." चहा त्या प्रत्येकाला मी करून देत होतो. कुणी एकजण म्हणेल की मनोहरराव केवढी सेवा करताहेत, म्हणून कप घेऊन मी जरा रेंगाळायचो. सगळे कप रिकामे करून गेले.

ईस्टरचा रविवार आला. उपासना झाली आणि पाळकसाहेबांनी हात वर करायला सांगितले. आनंदरावसाठी सगळं चर्च वर झालं. माझ्यासाठी दोन हात. बापूसाहेब शब्दाला जागले, आणि एस्तेरनं पदर सावरल्यासारखा हात निम्मा वर केला. सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, घट्ट.

मी हार मानायच्या तयारीत होतो. खरंच होतो. घरी जाऊन आठवडाभर कुणाशी बोलायचं नाही एवढंच मनात होतं. तेवढ्यात आनंदराव उठला.

"पाळकसाहेब, माझं नाव मी मागं घेतो," तो म्हणाला. "त्या दिवशी दादा म्हणाले होते, सेवा करायची तर स्वतः करावी. ते मला लागलं. दादांचा हात चुकला, पण मन चुकलं नाही. ही जागा त्यांना द्यावी."

खरं तर नेमकं उलट होतं. हात बरा होता, चुकलं होतं ते मनच. पण ते चर्चमध्ये एकट्या मलाच ठाऊक होतं. मग कुणीतरी नाक ओढलं, महिला मंडळानं पदर डोळ्यांना लावले, आणि सासूबाई तर हुंदके द्यायला लागल्या. पाणी नाही, काही नाही, नुसत्या बोलण्यावर!

माझ्या लक्षात आलं, आता एकच वाट आहे. मी ताडकन उठून म्हणायचं की नाही, ही जागा मला नको, आनंदरावलाच द्या. मग मी त्याच्याही वर. मी उठलो. तोंड उघडलं. सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती, पहिला बाक समोर रिकामा होता.

"मंडळीची तशी इच्छाच असेल तर..." माझं तोंड म्हणालं.

तर आता मी वडील आहे. पहिल्या बाकावर बसतो, थाळी फिरवतो, लग्नाच्या फोटोत असतो. मागच्या महिन्यात एक नवं कुटुंब मंडळीत आलं. त्यांनी फाटकापाशी सासूबाईंना विचारलं, "इथले वडील कोण?" सासूबाईंनी माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "ते न्हाय का, आनंदरावनी ज्यांच्यासाठी जागा सोडली, ते."