सुटलेली नळी आणि सांगोल्याची वाट

अक्काला आणायचं तर आजच, असं आईनं पहाटे चुलीपुढे बसून ठरवूनच टाकलं. गौराक्का माझी थोरली बहीण, दिली सांगोल्याला. उद्यापासून तिला आठवा महिना लागणार होता आणि आठव्यात आमच्याकडे लेकीला गावाहून गावी हलवत नाहीत. नवव्यापर्यंत थांबायला आईचा जीव तयार नव्हता. मागच्या खेपेला अक्काला बैलगाडीतून आणताना वाटेतच तिचं मूल गेलं होतं. म्हणून तर आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सोलापुरातल्या भवानी पेठेतलं सुताचं दुकान सांभाळता सांभाळता जुनी का होईना, मोटार घेतली. तीच घेऊन आप्पा आणि मी निघालो.

या वाटेनं मोटार नेणाऱ्यांनी पेट्रोलचे डबे सोलापुरातच भरून घ्यावेत. पुढे मिळेल याचा भरवसा नाही. खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असली की कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. भीमेपर्यंत रस्ता बरा आहे, धूळ तेवढी खावी लागते.

भीमेला पाणी गुडघाभरच होतं, पण वाळूनं चाकं धरली. काठावरच्या एका शेतकऱ्यानं बैलजोडी आणली. मोटार मागं ओढायची म्हणून तो खाली वाकून दोर कुठं बांधावा ते बघू लागला. धूर जायची लांब लोखंडी नळी त्याला गाडीच्या कण्यासारखी दिसली.

"हितं बांदू का, मालक?"

"बांध की! तेच लोखंड बळकट हाय," आप्पा वरूनच म्हणाले.

बैलांनी एक हिसका दिला आणि मोटार निघाली. नळीही निघाली. शेजारच्या घट्ट वाळूवरून नदी ओलांडली, पण त्यानंतर मोटारीनं जो आवाज धरला, तो विचारू नका. मंगळवेढं यायच्या आधीच मी ओरडून सांगितलं, "आप्पा, नळी सुटलीय!" आप्पा म्हणाले, "इंजिन दमलंय. असू दे आवाज." मंगळवेढ्याच्या बाजारात लोक दुकानातून बाहेर आले, तरी तेच. गिरे तो भी टांग उपर!

सांगोल्यात दारापुढे पोचलो तर अक्काच्या सासूबाईंची म्हैस दावं तोडून पळाली. सासूबाई कंबरेवर हात ठेवून मोटारीपुढे उभ्या राहिल्या.

"ह्या तोफंत पोटुशी पोर बसवायची न्हाय. एकडाव गमावलंय आमी. पुन्ना न्हाय."

आप्पांनी विहीणबाईंना देवाधर्माच्या चार गोष्टी सांगितल्या. त्या हलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. त्यांचंही नातवंड गेलं होतं. अक्का उंबऱ्यात उभी होती, तिचं बोचकं बांधून तयार होतं. तिच्याकडे बघवेना.

मग मी मोटारीखाली शिरलो. इंजिन चालू ठेवायला सांगून नळीच्या कडेकडेनं, न टेकवता, तळहात फिरवत गेलो. मध्यावर डबा असतो, आवाज गिळणारा, तिथं हाताला फुफाट्यासारखी धग लागली. सांध्याभोवती ताजी काजळीही होती. नळी डब्यातून बोटभर बाहेर आली होती. इंजिनाला काही झालं नव्हतं. नळी गार होऊ दिली, मग लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून परत आत बसवली, पण फट राहिलीच. आप्पांनी तिच्यावर ओल्या मातीचा गोळा थापला. मोटार सुरू केली तर माती तापून तडकली आणि ढलप्या उडून त्यांच्या धोतरावर आल्या.

सासूबाईंना मोटार नको होती, पण असलं मातीकाम त्यांना त्याहून बघवेना.

"अशी कुणी माती मळतंय व्हय? केस कुटं हायत तिच्यात? चूल तरी टिकंल का असली?"

त्यांनी शेळीचे कातरलेले केस आणले, राख घातली आणि माती स्वतः मळून दिली. मी ती सांध्यावर लिंपली, वर घासलेटच्या डब्याचा पत्रा गुंडाळला आणि तारेनं आवळला. इंजिन मंद चालवून माती सुकवली. आवाज गेला असं नाही, पण साध्या घरगुती कुरकुरीवर आला. सासूबाईंनी म्हैस शोधून आणून मोटारीशेजारी बांधली. मोटार चालू असताना ती वैरण खात राहिली. तेव्हा कुठे त्या अक्काची ओटी भरायला आत गेल्या.

ऊन उतरताना निघालो. सासूबाईंनी दिलेलं दही मडक्यात होतं, ते अक्का मांडीत धरून बसली होती. मंगळवेढं मागं पडलं. अक्का पुढं वाकली. तिनं अगदी हळू विचारलं, तरी ऐकू आलं.

"आप्पा, कुटं ठेवलं हो माजं बाळ?"

मी आप्पांकडे पाहिलंच नाही. मागच्या खेपेला बैलगाडीत अक्का शुद्धीवर नव्हती. मूल आप्पांनी एकट्यानं पुरलं होतं आणि पुढे घरात कुणी विषय काढला नव्हता. तीही विसरली असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

आप्पा बराच वेळ चालवत राहिले. मग त्यांनी एका कडुलिंबापाशी मोटार थांबवली. "हितं," म्हणाले. "मुलगा होता."

अक्का उतरली. लिंबाखालच्या मातीवर हात ठेवून बसली. आप्पा तिच्या मागे फेटा हातात घेऊन उभे राहिले. नंतर भीमेच्या वाळूत मोटार पुन्हा रुतली, तेव्हा दोर कुठं बांधायचा हे त्यांनी स्वतः खाली वाकून दाखवलं आणि रात्री आम्ही घरी पोचलो.

अक्काला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मातीचा तो लेप आप्पांनी अजून काढू दिलेला नाही. मला मात्र वाटेतलं एकच आठवत राहतं. लिंब ओळखायला आप्पांना कसली खूण बघावी लागली नाही. जातानाही आम्ही त्याच्याच सावलीतून गेलो होतो, आणि नेमकं तिथेच ते मला, "असू दे आवाज," म्हणाले होते.