वरातीतले चाचा स्टुडिओत

चालल्याशिवाय वाजवूच न शकणारा वादक साऱ्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो आमच्या भाग्यानं आमच्याच गल्लीत राहत होता. या क्लॅरिनेटवाल्या चाचांचा उभा जन्म बँडबरोबर लग्नाच्या वरातींत गेला. कन्नडपासून अजिंठ्यापर्यंत त्यांच्या सुरांवर न नाचलेला नवरदेवाचा मित्र सापडणं कठीण. वरातीला गेले की ते नवरदेवाआधी घोड्याची चौकशी करत, कारण ठेका घोड्याच्या चालीवर ठरायचा. पण या माणसाला बसवलं की क्लॅरिनेट मुकं. सिडकोतल्या एका बारशाला आम्ही त्यांना आग्रहानं सतरंजीवर बसवलं, तर दोन फुंकरांत सूर घसरला. चाचा उठले, वाजवत वाजवत फाटकाबाहेर गेले आणि पाळणा संपेपर्यंत काही परतले नाहीत. "पाँव रुके तो साँस रुकती, बेटी," असं त्यांचं म्हणणं. रियाजसुद्धा आमखास मैदानावर फेऱ्या मारत चालायचा.

माझ्या भावगीतांची पहिली कॅसेट निघायचं ठरलं, तेव्हा एका गाण्याच्या सुरुवातीच्या तुकड्यासाठी मी चाचांचं नाव सुचवलं. त्यांना सांगितलं, तर हळूच म्हणाले, "तुम्हारी चाची मेरेकू कभी सुनीच नै. शादी दुसरों की, वरात दुसरों की. घर में चलने कू जगा कां है?" एवढ्या वर्षांच्या संसारात चाचींच्या कानी नवऱ्याचा एक सूर पडलेला नव्हता. चाचांना कॅसेट हवी होती ती तेवढ्यासाठी.

स्टुडिओ म्हणजे गुलमंडीवरची एक माडी, भिंतींना गाद्या ठोकलेली. चाचा बँडचा लाल कोट इस्त्री करून आले. पहिल्याच टेकला ते माइकसमोरून वाजवत निघाले ते थेट दारापर्यंत. काचेमागे हेडफोन लावून बसलेल्या रेकॉर्डिस्टला वरात पैठण गेटकडे निघून गेल्यासारखी ऐकू आली. मग त्यानं चाचांच्या पायांभोवती खडूनं रिंगण आखलं. चाचा त्यात उभे राहिले, आणि क्लॅरिनेटमधून नुसती शिट्टी निघाली.

"काका, राहू द्या. लई टेप वाया चाललीय. हा तुकडा मी कीबोर्डवर काढतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला. चाचा क्लॅरिनेट खोलून पेटीत ठेवू लागले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी स्टँडवरचा माइक काढला, चपला भिरकावल्या आणि म्हटलं, "चाचा, जोडा ते. निघू द्या वरात!"

एका हातात माइक, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या, अशी मी चाचांकडे तोंड करून उलटी चालू लागले. वायर पायांत येऊ नये म्हणून साथीला आलेले तबलेवाले ती उचलून धरून माझ्या बाजूनं चालत होते. चाचांनी डोळे मिटले. त्या माडीत आम्ही किती गोल फिरलो कोण जाणे, पण तसा सूर मी पुन्हा ऐकला नाही. कपाळाला हात लावून बसलेल्या रेकॉर्डिस्टचा हात केव्हा खाली आला, ते त्यालाही कळलं नसावं.

कॅसेट निघाल्यावर मी विचारलं, "चाची काय म्हणाल्या?"

"पूरा सुनी. फिर बोली, रोज ऐसाच बजाते थे क्या जी? मैं बोला, हौ. तो रोने लगी. बोली, और मैं दरवज्जे पे झगड़ती थी, इत्ती देर कां फिरते करके!" चाचा हसत होते आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होते.

चाचा गेले. चाची अजून दुपारी ती कॅसेट लावतात. सुरुवातीचा तुकडा संपून माझं गाणं सुरू झालं, की बटण दाबून टेप मागे घेतात. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही.