सुपाआडचा सूर्य

रेणापूरच्या अलीकडे रस्त्याकडेला मळणीयंत्र चालू होतं. सोयाबीनच्या भुसकटाचा पिवळट धुरळा डांबर ओलांडून गाडीत शिरला. ड्रायव्हरने घाईघाईने काच वर घेतली आणि मी माझ्या बाजूची खाली केली. तो बिचारा आरशातून बघतच राहिला. जिला धूळ न्याहाळण्याचाच पगार मिळतो तिला धुळीचं वावडं कसं असेल, हे त्याला कुठून कळावं!

माझं काम तेच. तारा जन्मला की त्याच्याभोवती वायूची आणि धुळीची एक चकती फिरत राहते. ताऱ्याने आपला वाटा उचलल्यावर उरलेली ती धूळ. तिच्यातूनच पुढे ग्रह घडतात. पण ताऱ्याच्या झगमगाटात ती दिसत नाही. म्हणून दुर्बिणीत ताऱ्याच्या ऐन उजेडासमोर एक टिकली आडवी धरायची, मग कडेची धूळ हळूहळू उजळू लागते. हे मी विद्यापीठात शिकले असं लोक समजतात. मी ते खळ्यावर शिकले, आत्याकडून.

आत्या नांदायला गेली आणि तीन वर्षांत माघारी आली, ती कायमचीच. ज्वारीची रास उचलली की खाली उरलेलं मातेरं, म्हणजे माती, कुसळं आणि त्यात हरवलेले दाणे, तेवढं तिच्या हक्काचं. त्यातून तिचं वर्षाचं एक नवं लुगडं निघे. उतरत्या उन्हात ती पाखडत बसे आणि मधेच सूप सूर्यासमोर आडवं धरून मला हाक मारी, "हिकडं ये माय, आता बघ धूळ." सुपाच्या कडेने कण न् कण पेटलेला दिसे. वारं कुठल्या अंगाने धूळ नेतंय हे कळलं, की ती तेवढी सरकून बसे.

बारावीला मी नापास झाले आणि घरी बसले. वडिलांनी पुस्तकं गोणीत भरली. पुढचं खळं आलं तोवर उमरीचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. घरात कुणी वाईट नव्हतं, सगळ्यांना माझी काळजीच होती, आणि त्या काळजीनेच माझा जीव घुसमटत होता. रास उचलून झाली. दरसालासारखं वडील आत्याला म्हणाले, "घे तुझं मातेरं."

आत्याने सुपाला हात लावला नाही. "दादा, दरसाल उरंल ते मला देतूस. ह्या साली मातेरं नगं. ही पोर दे, दोन साल. लातूरला शिकायला ठेव तिला."

"नापास झालीय ती."

"म्हणूनच मागायलेय. पास झाल्यावर मला कोण दील?"

वडील बराच वेळ खांद्यावरचा टॉवेल झटकत राहिले. मग म्हणाले, "घे." आमच्याकडे खळ्यावर दिलेलं माघारी घेत नाहीत.

गेल्या दिवाळीत आत्याला मोबाइलवर एक चकती दाखवली. मधोमध काळा ठिपका, भोवती धुळीचं कडं, कड्यात एक रिकामी फट. तिने डोळे बारीक केले. "मधी सूप धरलंस व्हय?" मी काही समजावून सांगायच्या आत तिने ओळखलं, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मग त्या फटीवर बोट ठेवून तिने विचारलं, "हितली धूळ कुठं गेली?"

"कुणीतरी गोळा करून घेतली असंल. ते अजून दिसंना."

"दिसंल. गडबड करू नगं."

उन्हाळ्यात आत्या गेली.

आज मी गाडी थांबवायला सांगितली. धुरळ्यात उतरले आणि कललेल्या सूर्यासमोर तळहात आडवा धरला. बोटांच्या कडेने धूळ उजळली, अगदी तशीच. आता खळी राहिली नाहीत, मातेरंही कुणी पाखडत नाही, पण उजेड झाकला की धूळ अजून दिसते. आणि तिथे उभी असताना, इतक्या वर्षांत प्रथमच, मला आठवलं, की मी लातूरला निघाले त्या सकाळी एस.टी. स्टँडवर सोडायला आलेल्या आत्याच्या अंगावर आदल्या वर्षीचंच लुगडं होतं.