हिरवा ठिपका

आमची धाकटी जाऊ चोऱ्या करते. शाळा-कॉलेजांत, भरदिवसा, आणि वर परवानगीचं पत्र पर्समध्ये घालून. संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये परक्याला शिरता येतं का, हे ती स्वतः शिरून बघते आणि कुठलं दार उघडं सापडलं ते त्यांना कळवते. घरात आम्ही तिला चोरबाईच म्हणतो. तिचा एकच हट्ट, सापडलेलं दार लपवायचं नाही, मग ते कुणाचंही असो. एका मुख्याध्यापकांनी पासवर्ड टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, तर हिने तो त्यांच्याच तोंडावर वाचून दाखवला. भीडभाड म्हणून नाही!

माझे धाकटे दीर, म्हणजे तिचा नवरा, विद्यापीठात शिकवायचे. त्या सकाळी सासूबाई नेहमीसारखं "ये रे" म्हणाल्या. निघणाऱ्याला 'जा' म्हणायचं नाही, हा त्यांचा दंडक. भावजी शिकवता शिकवता वर्गातच कोसळले आणि गेले. तेव्हापासून सासूबाई अगदी मोजकंच बोलायच्या. दुपारी जेवण झालं की भावजींच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या. पडत असतील, असं मी समजत होते.

पुढे नेमकं त्याच विद्यापीठाचं काम चोरबाईच्या कंपनीकडे आलं. "दुसऱ्या कुणाला पाठवायला सांग ना," मी म्हटलं. "मलाच जायचंय, ताई," एवढंच बोलली.

त्या कामावर जायला लागल्यापासून तिचं काहीतरी बिनसलं. ताट पुढ्यात असलं तरी लक्ष नसायचं, मध्येच स्वतःशी हसायची. मला भीतीच वाटायला लागली. एकदा मटार सोलताना मी तिला गाठलं, "काय लपवतेस?"

"ताई, तो तिथे येतो."

"कोण, भावजी?"

मग तिने सांगितलं. विद्यापीठाने भावजींचा पगार थांबवला, खुर्ची दुसऱ्याला दिली. पण कॉम्प्युटरवरचं त्यांचं खातं बंद करा, हे त्या विभागाला कुणी सांगितलंच नाही. हा म्हणे ते त्याचं काम, तो म्हणे याचं. कर्मचाऱ्यांच्या यादीत भावजींचं नाव तसंच दिसायचं, आणि रोज दुपारी नावापुढे हिरवा ठिपका लागायचा. म्हणजे माणूस हजर. परीक्षेचं काम त्यांच्याकडे असल्यामुळे त्या खात्यातून हजारो मुलांचे गुण बदलता येत होते.

"अगं, मग कोण शिरतंय ते शोध की!"

"पहिल्याच दिवशी शोधता आलं असतं." तिचे हात तसेच थांबले. "नाही शोधलं. ठिपका लागला की वाटायचं, आहे तो, वर्गात आहे. शोधलं की दुसरंच कुणीतरी निघणार ना, ताई?"

मी रडू आवरत शेंगा सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती भर दुपारीच घरी आली. चेहरा पांढराफटक. शेवटी शोधलं होतं तिने, आणि पत्ता निघाला आमच्याच घराचा. चपलाही न काढता तिने भावजींच्या खोलीचं दार ढकललं.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर भावजींचा टॅब. पासवर्ड भावजींनीच कधीतरी त्यात साठवून ठेवलेला. समोर त्यांचं नाव आणि हिरवा ठिपका.

"आई, काय करताय?"

"काही नाही गं. हे उघडलं की तो कामावर असतो. मी कशाला हात लावत नाही, नुसती बघत बसते."

आता ही तिथे कळवणार, या विचाराने माझं डोकंच फिरलं. "राहू दे ना ते दार उघडं! कुणाचं काय बिघडतंय?"

"आज आई शिरल्या, उद्या दुसरं कुणी शिरेल," चोरबाई म्हणाली. "गुण बदलेल. आणि चोर कोण ठरेल? तो! मी कळवणार, ताई. ते आजच खातं बंद करतील."

सासूबाईंनी टॅब तिच्यापुढे धरला. मग म्हणाल्या, "परक्यांनी नको बंद करायला. कुठे दाबायचं ते मला दाखव."

चोरबाईने शेजारी बसून त्यांचं बोट 'बाहेर पडा' या शब्दांवर नेलं. सासूबाईंनी लगेच दाबलं नाही. दुसऱ्या हाताने पदर नीट केला, ठिपक्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या, "जा, बाळा."