मधला चेंडू

आमच्या शहागडला समुद्र कुठून येणार? पण पुतणीची नोकरी समुद्राकाठी. उन्हाळ्यात सुट्टीवर आली ती तीन जाड बॅटी घेऊनच. तार न्हाई, जाळी न्हाई, नुसती बुंदीच्या झाऱ्यासारखी भोकं. "बीच टेनिस, काकू. उद्या सकाळी गोदावरीच्या वाळूत. तू अन् आई एका बाजूला, मी एकटी समोर."

तिची आई म्हणजे माझी थोरली जाऊ. चुली वेगळ्या झाल्यापासून दोन वर्षं आमच्यात अवाक्षर न्हवतं. वेगळं व्हायचंय हे तिला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली न्हाई, नवऱ्याकडून कळवलं. ते तिला लई लागलं. तिनं माझ्याशी बोलावं असं मला रोज वाटायचं, पण आपण सुरुवात करायला जीभ रेटत न्हवती. म्हणून खेळायला बिलकुल आढेवेढे घेतले न्हाईत. जाऊ का आली, देव जाणे.

ट्रकवाल्यांनी शिल्लक ठेवली तेवढ्या वाळूत पुतणीनं शाळेतली व्हॉलीबॉलची जाळी बांधली. पदर खोचून आम्ही उभ्या राह्यलो. खेळ कळेल तर शपथ! टेनिस म्हणावं तर चेंडूला टप्पा न्हाई; खाली पडला की गेला. गुण पंधरा, तीस अन् मंग एकदम चाळीस. पंचेचाळीस का न्हाई, तर म्हणे तसंच असतंय. पाय वाळूत रुततात, डोळ्यावर ऊन, अन् सर्व्हिस कुणाची हे विचारायची सोय न्हाई, कारण बाजूला उभी असलेली बाई माझ्याशी बोलत न्हाई.

पुतणीनं चेंडू बराबर आमच्या दोघींच्या मधे टाकला. मी बाजूला सरकले. वीस वर्षांत थोरलीच्या आधी कधी ताटावर बसले न्हाई, मंग तिच्यापुढं बॅट कशी घालू? अन् जाऊ माझ्याकडं बघत थांबलेली. धाकटीचे पाय चपळ, ही घेईल, असं तिच्या मनात असणार. चेंडू वाळूत. दुसरा पण वाळूत. चार-पाच चेंडू असेच गेले. ह्याला खेळ म्हणायचं का मानपान, मला काही सुधरंना.

पुतणी वैतागली. "अगं, कोण घेणार ते तोंडानं सांगा की!"

मंग जाऊनं खाली पडलेला चेंडू उचलला, त्याची वाळू पदरानं पुसली अन् माझ्याकडं न बघता म्हणली, "तिला तोंडानं सांगायची सवयच न्हाई. वेगळी निघाली तवा पण दिराकडून निरोप आल्ता."

दोन वर्षं घोकलेलं सगळं विसरले. "चुकलं, बाई," एवढंच निघालं. "तुमच्यासमोर यायची भीती वाटली."

तिनं चेंडू जाळीपलीकडं फेकला अन् जागेवर जाऊन उभी राह्यली. मला काही अंदाज येईना, राग गेला का वाढला.

पुढचा चेंडू पुन्हा मधे आला. "मी घेते, बाई!" मी जीव खाऊन ओरडले. बॅट नुसती हवेत फिरली अन् मी गुडघ्यावर आपटले.

जाऊनं हाताला धरून उठवलं. "हुकली तर हुकली," म्हणली. "सांगितलंस ना."