तिसऱ्या कडव्यानंतर

ठाकुर्लीला आमच्यासमोर राहणारे काका चहासुद्धा दारात उभ्यानेच पितात, बूट न काढता. डोंगरात कुणी पडल्याचा फोन आला की दोर घेऊन निघतात. जखमी माणसाला वर आणेपर्यंत झोप लागू नये म्हणून म्हणे त्याच्याकडून शाळेतल्या कविता म्हणून घेतात. मला ती फुशारकीच वाटायची.

परवा माझी मुलगी कविता पाठ करत होती. तिसऱ्या कडव्यानंतर अडखळली. काकांचा कप हातातच राहिला.

"पुढचं म्हण ना, बाळा."

तिने पुस्तक उघडून वाचलं. काका पहिल्यांदाच आमच्याकडे खाली बसले.

"असं आहे होय पुढे," ते म्हणाले. "मागच्या वर्षी दरीतून आणताना एक जण इथवरच म्हणाला होता."